बाई कोणत्या खिडकीत होती? निरीक्षण-स्मरण चाचणीचं एक प्रकरण

अग्निशमन दलाच्या लेखी प्रवेश परीक्षेत अनेक ठिकाणी एक विभाग असा असतो, ज्याला अभ्यासक्रमच नाही. उमेदवारासमोर एखादं चित्र किंवा इमारतीचा नकाशा ठेवतात, ठरावीक वेळ बघू देतात, बहुतेकदा पाच मिनिटांच्या आसपास. मग तो कागद काढून घेतात आणि त्यावर बहुपर्यायी प्रश्न देतात. बघताना काही टिपून घ्यायचं नाही, नंतर परत बघायला मिळत नाही. बाकी विभागांत पुढे असलेली, पण इथे दर वेळी गुण घालवणारी एक उमेदवार माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आली. तिचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण तिची अडचण फार जणांना येते. त्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे "स्मरणशक्ती वाढवा". तिच्या बाबतीत तो सल्ला भलतीकडेच नेत होता. तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील इथे ठेवलेला नाही.

आधीची तयारी

गणित, यांत्रिक आकलन, उतारा वाचून उत्तरं देणं, सगळं पक्कं. शारीरिक चाचणीच्या तयारीतही काही कमी नव्हतं. निदान तिने स्वतःच करून आणलं होतं: "सर, माझी मेमरीच कच्ची आहे." त्या निदानावर तिने मेहनतही भरपूर घेतली होती. ताटात वस्तू मांडून, वर कापड टाकून त्या आठवायच्या. पत्त्यांचा क्रम पाठ करायचा. लांबलचक आकडे एका दमात म्हणायचे. या खेळांत ती खरोखर तरबेज झाली होती. मी सांगितलेले आकडे तिने उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले.

माझी शंका इथेच सुरू झाली. स्मरणशक्ती कच्ची असती तर हे जमलं नसतं.

अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फालून यांनी १९८० साली एका विद्यार्थ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सुरुवातीला तो चारचौघांसारखे सातेक आकडे ऐकून म्हणायचा. २३० तासांहून अधिक सरावानंतर तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला. तो धावपटू होता, त्यामुळे आकड्यांचे गट करून तो ते शर्यतीच्या वेळांमध्ये बसवायचा. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिल्याबरोबर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. सरावाने त्याची आकडे हाताळायची रीत तयार झाली होती. स्मरणशक्ती होती तेवढीच होती.

माझ्या उमेदवाराचंही हेच झालं होतं. तिला ताटातल्या वस्तू आणि आकडे यायला लागले होते. परीक्षेत मात्र इमारती येतात, धूर येतो, माणसं येतात, आणि त्या सगळ्यांचं एकमेकांशी नातं असतं. ताटातल्या चमच्याचं आणि चावीचं काहीच नातं नसतं. जिथे आग लागली आहे तिथली खिडकी, तिच्या वरची खिडकी आणि समोरून गेलेली वीजवाहिनी यांचं असतं.

चित्र

मी तिला एक चित्र दिलं. ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रस्त्याला लागून तीन मजल्यांची इमारत. तळाला दुकान, शटर बंद. शटरच्या डावीकडे इमारतीचं मुख्य दार, ते उघडं, आणि दारावर ६२ हा क्रमांक. शटरच्या उजव्या टोकाला दोन गॅस सिलिंडर. वरच्या दोन्ही मजल्यांना प्रत्येकी चार खिडक्या. मधल्या मजल्यावर डावीकडून दुसऱ्या खिडकीतून ज्वाळा बाहेर आलेल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर डावीकडच्या दोन खिडक्यांतून धूर निघतोय आणि तो उजवीकडे वाकलाय. त्याच मजल्यावर अगदी उजव्या टोकाच्या खिडकीत एक बाई, कडेवर मूल. इमारतीच्या उजव्या भिंतीला लोखंडी जिना, त्याची खालची शिडी वर ओढलेली. डावीकडे फुटपाथवर विजेचा खांब, तिथून तारा इमारतीच्या समोरून तिरक्या जाऊन गच्चीच्या उजव्या कोपऱ्याला लागलेल्या. खांबाजवळ हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ), आणि त्याच्यापुढे पांढरी व्हॅन, नंबर ४७१८. निळ्या शर्टातला एक माणूस फुटपाथवर फोनवर बोलतोय.

वेळ संपल्यावर चित्र काढून घेतलं. पण प्रश्न लगेच दिले नाहीत. आधी कोरा कागद दिला. "जे आठवतं ते लिही. जागा आठवत असेल तर रेखाटून दाखव. अंदाजाने काही भरू नकोस." प्रश्नपत्रिका त्यानंतर दिली आणि शेवटी चित्र परत समोर ठेवलं. हे तीन कागद शेजारी ठेवले तेव्हा प्रकरण उलगडलं. नुसते गुण मोजले असते तर एवढंच कळलं असतं की तिला कमी पडतात, आणि ते तिला आधीच माहीत होतं.

कोऱ्या कागदावर काय उतरलं

सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, व्हॅनचा नंबर: ४७१८. अचूक. मग ज्वाळा, त्याही योग्य खिडकीत. मग बाई आणि मूल, वरच्या मजल्यावर, पण डावीकडे, आगीच्या थेट वर. निळा शर्ट आणि फोन, बरोबर. इमारतीचा क्रमांक ६२, बरोबर. लोखंडी जिना उजव्या भिंतीला, बरोबर.

हायड्रंट नाही. तारा नाहीत. सिलिंडर नाहीत. धूर किती खिडक्यांतून आणि कुठे वाकलाय, काही नाही. शिडी वर ओढली होती की खाली, नाही.

व्हॅनचा नंबर पाठ होता आणि त्या व्हॅनने जे अडवलं होतं ते तिला दिसलंच नव्हतं. चित्र परत समोर ठेवल्यावर ती हायड्रंटकडे बघत म्हणाली, "हे इथे होतं? खरंच होतं?" तिला वाटलं होतं मी चित्र बदललं.

चुका तीन जातींच्या होत्या

त्या कागदांवरून चुकांच्या तीन जाती वेगळ्या काढता आल्या. पुढचा सगळा सराव या वर्गीकरणावरच उभा राहिला.

पहिली जात म्हणजे पाहिलंच नाही. हायड्रंट, तारा, सिलिंडर. हे विसरणं नव्हे, कारण जे आत गेलंच नाही ते विसरणार कसं? आल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत संशोधकाने माणसं चित्र बघताना त्यांचे डोळे कुठे कुठे जातात ते नोंदवलं होतं. १९६७ साली ते काम इंग्रजीत आलं. इल्या रेपिन यांचं एकच चित्र त्याने वेगवेगळे प्रश्न देऊन दाखवलं: या माणसांची वयं सांगा, त्यांचे कपडे लक्षात ठेवा, या कुटुंबाची परिस्थिती कशी आहे ते सांगा. प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलायची. माझी उमेदवार कोणताही प्रश्न मनात न ठेवता बघत होती. त्यामुळे जे भडक, जे हलतंय, जे अंकांत आहे, तिकडे नजर जात होती.

दुसरी जात म्हणजे पाहिलं, पण जागा सरकली. ती बाई. डोक्यात बाई होती, मूल होतं, मजलाही बरोबर होता, फक्त ती उजव्या टोकावरून डावीकडे, आगीच्या वर आली होती. मी विचारलं, "डावीकडेच का?" ती म्हणाली, "सर, धोक्यात होती ना ती." म्हणजे धोक्यातला माणूस आगीच्या वरच असणार, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं. विल्यम ब्रूअर आणि जेम्स ट्रेयन्स यांचा १९८१ चा प्रयोग याच गोष्टीवर आहे. लोकांना एका विद्यार्थ्याच्या ऑफिसात जेमतेम ३५ सेकंद थांबवलं, मग दुसरीकडे नेऊन तिथे काय होतं ते विचारलं. ३० पैकी ९ जणांना पुस्तकं आठवली. त्या खोलीत पुस्तकं ठेवलेलीच नव्हती. ऑफिस म्हटलं की पुस्तकं असणारच, म्हणून ती दिसली. अग्निशमनाच्या कामात या चुकीची किंमत फार मोठी आहे. शिडी चुकीच्या खिडकीला लागते.

तिसरी जात मला सगळ्यात बोलकी वाटली. कोऱ्या कागदावर बरोबर, प्रश्नपत्रिकेवर चूक. जिना उजव्या भिंतीला असल्याचं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. प्रश्न मी मुद्दाम असा घातला होता: "आगीच्या सर्वांत जवळचा बाहेरचा जिना कोणत्या बाजूला आहे?" आग डावीकडे. तिने खूण केली डाव्या बाजूवर. जिना एकच होता, पण "आगीच्या सर्वांत जवळचा" या शब्दांनी तिची आठवण ओढून नेली. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं की गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं की गाड्या एकमेकींवर धडकून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता. आठवड्याने दोन्ही गटांना फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का असं विचारलं. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७.

या तिन्ही जातींपैकी एकीलाही "कच्ची मेमरी" म्हणता येत नाही. हे तिला पटायला वेळ लागला. पण पटल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला, कारण कच्च्या मेमरीवर इलाज काय करणार? यावर इलाज होता.

बघण्याचा क्रम

बदल मुख्यतः बघण्यात केला. क्रम ठरवला, आणि तो आठवायला सोपा पडतो म्हणून नाही, तर आगीच्या ठिकाणी पहिला उतरलेला जवान ज्या क्रमाने बघेल तसा.

आधी सांगाडा. मजले खालून मोजायचे, खिडक्या डावीकडून. मजल्यांना नावं द्यायची नाहीत, आकडा द्यायचा, कारण काही ठिकाणी तळाचा मजला पहिला धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. प्रश्नपत्रिकेची रीत कोणती ते सूचनांत वाचून मग जुळवायचं. सांगाडा आधी घेतल्याशिवाय पुढच्या कुठल्याच गोष्टीला जागा मिळत नाही. बाई उजवीकडे सरकली की डावीकडे, हे ठरवायला आधी चार खिडक्यांची रांग डोक्यात लागते.

मग माणसं. किती, कोणत्या चौकटीत, काय करताहेत. "मजला ३, खिडकी ४, बाई आणि मूल." बाई धोक्यात आहे की नाही हे नंतर, आधी तिचा पत्ता. दुसऱ्या जातीच्या चुकीवर हा पत्ता फार उपयोगी पडला. अर्थ लावण्याआधी जागा पक्की झाली की अर्थ तिला सरकवू शकत नाही.

मग आग आणि धूर. ज्वाळा कुठे, धूर कुठून, किती दाट, कोणत्या रंगाचा, जोरात बाहेर पडतोय की रेंगाळतोय, आणि वाकलाय कुठे. धूर जिथे दिसतो तिथेच आग असते असं नाही, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवायच्या. त्यानंतर आत जायच्या आणि बाहेर यायच्या वाटा: दारं उघडी की बंद, जिने, शिड्या, शिडी लावायला मोकळी जागा, वर तारा आहेत का. मग पाणी आणि इतर धोके: हायड्रंट, सिलिंडर, रसायनांच्या खुणा. आणि शेवटी, अगदी शेवटी, अंक आणि पाट्या.

यावर ती अडली. "पण सर, नंबर हमखास विचारतात. ते मागे टाकायचे?"

विचारतात, आणि म्हणूनच शेवटी. एका वेळी मनात सुटे सुटे धरून ठेवता येतात असे घटक फार थोडे असतात. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा तपासून ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचं मांडलं. व्हॅनचा नंबर सुरुवातीलाच पाठ केला की उरलेला सगळा वेळ तो टिकवण्यासाठी मनात घोकावा लागतो, आणि तेवढी जागा अडकून राहते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात घेतला तर तो ताजाच प्रश्नांपर्यंत जातो. तिच्या पहिल्या कागदावर नंबर सगळ्यात वर आणि हायड्रंट गायब, याचा अर्थ मला तरी हाच लागला.

क्रमाबरोबर आणखी एक सवय लावली: दोन गोष्टी एका वाक्यात बांधायच्या. "व्हॅनने हायड्रंट अडवलाय." "समोरून शिडी लावायची तर तारा आडव्या येतात." "जिना बाईच्या बाजूलाच आहे, पण शिडी वर ओढलेली आहे." सुट्या सहा गोष्टींची तीन वाक्यं झाली आणि प्रत्येक वाक्याला अर्थ होता. वाक्य मोठ्याने म्हणायचं नाही, मनातच, पण पूर्ण.

गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन कमांडरांच्या मुलाखती घेऊन ते निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला. त्यात एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग, त्याच्या पथकाने पाणी मारलं तरी ती दबेना. बाहेरच्या खोलीत असायला हवी त्याहून उष्णता जास्त, आणि आवाज मात्र असायला हवा त्याहून कमी. काय चुकतंय ते त्याला सांगता येत नव्हतं, पण त्याने पथकाला बाहेर काढलं, आणि लगेचच ते उभे होते ती जमीन खचली. आग तळघरात होती. ही हकीकत मी प्रत्येक उमेदवाराला सांगतो. लेखी परीक्षेतल्या या विभागाला पुष्कळ जण गुणांपुरती कटकट समजतात. पण काय दिसतंय आणि काय दिसायला हवं होतं, हे बघायची सवय पुढे पथकाच्या कामी येते, आणि ती लावून घ्यायची संधी पहिल्यांदा इथेच मिळते.

कोऱ्या कागदाचा सराव नेमका कशासाठी

चित्र बघून आठवायचा सराव केला की आठवण पक्की होते, असं सरसकट सांगितलं जातं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा अभ्यास त्यासाठी पुढे करतात. तो अभ्यास उत्तमच आहे. उतारा वाचून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने ५६ टक्के आठवला, नुसता पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पण त्याच अभ्यासात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उलटं झालं: पुन्हा वाचणारे ८१ टक्क्यांवर, आठवून लिहिणारे ७५ वर. आणि आपली परीक्षा तर चित्र काढून घेतल्यावर थोड्याच वेळात असते.

म्हणून मी तिला स्पष्ट सांगितलं की कोरा कागद ते एक चित्र लक्षात ठेवण्यासाठी नाही. ते चित्र परीक्षेत येणारच नाही. कोरा कागद आपली नजर कुठे जात नाही हे दाखवतो. बहुपर्यायी प्रश्न हे लपवतात, कारण पर्याय वाचले की अर्धवट ओळखीवर बरोबर उत्तर साधून जातं आणि आपल्याला वाटतं की पाहिलं होतं.

प्रत्येक सरावानंतर ती सुटलेल्या गोष्टींची वही भरू लागली. काय सुटलं आणि चित्रात ते कुठे होतं, एवढंच. काही चित्रांतच नमुना दिसायला लागला. तिच्या नजरेतून वरची पट्टी सुटायची: तारा, गच्ची, टाकी, झाडाच्या फांद्या. आणि वाहनांच्या मागचं सगळं सुटायचं. मग तिच्या क्रमात, अंकांच्या आधी, एक फेरी खास चित्राच्या कडांची घातली. ही फेरी तिच्यासाठी आहे. दुसऱ्या कोणाच्या वहीत दुसरंच काही निघेल. एकाला माणसांचे हात दिसत नाहीत, एखाद्याला दारं उघडी की बंद हे कधीच लक्षात येत नाही. आपली वही भरल्याशिवाय आपली आंधळी जागा कळायची नाही.

थोडं जमल्यावर तिला प्रश्न काढायला लावले. तिच्यासोबत तयारी करणारी एक मैत्रीण होती. दोघींनी एकमेकींसाठी चित्रं निवडायची आणि प्रश्न तयार करायचे. मला वाटतं सगळ्यात मोठा फरक याने पडला. प्रश्न काढायला बसलं की चित्रात कुठे गाठी आहेत ते दिसतं: अर्धवट झाकलेली वस्तू, एकसारख्या दोन माणसांतला फरक, उघडं आणि बंद, चालू आणि बंद. पुढच्या चित्राकडे ती परीक्षकाच्या नजरेने बघू लागली.

नकाशा

मजल्याचा नकाशा दिला की तिचं डावं-उजवं गडबडायचं. ती खोल्यांची यादी पाठ करायची: स्वयंपाकघर, बैठकीची खोली, शयनखोली १, शयनखोली २, न्हाणीघर. प्रश्न मात्र यायचा: शयनखोली २ मध्ये माणूस अडकलाय, मार्गिका धुराने भरली आहे, बाहेर काढायला जवळची वाट कोणती? यादीत वाटा नसतात.

इथे धुरात शोध घ्यायची पद्धत वापरली. जवान एक हात भिंतीला ठेवून पुढे सरकतो, म्हणजे परतीची वाट हरवत नाही. नकाशातही तसंच: मुख्य दारातून आत, डावा हात भिंतीला, आणि हाताला क्रमाने जे लागेल ते मनात म्हणायचं. भिंत, दार, भिंत, खिडकी, कोपरा. पूर्ण फेरी मारून परत दाराशी. एका फेरीत सगळी दारं आणि खिडक्या क्रमाने आणि जागेसकट येतात. भिंतीला न टेकलेलं जे मध्ये उरतं, जसं मधला जिना किंवा खांब, ते शेवटी वेगळं बघायचं.

तरीही परत येताना डाव्याचं उजवं होतंच. त्यासाठी अनेक अग्निशमन दलांत वापरली जाणारी खूण घेतली. इमारतीच्या पुढच्या बाजूला ए, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने डावी बाजू बी, मागची सी, उजवी डी. तुम्ही आत उभे असा की बाहेर, तोंड कुठेही असो, बी बाजू बीच राहते. खिडकी "डावीकडे" ऐवजी "सी बाजूला" नोंदवली की ती उलटत नाही. प्रश्नात डावं-उजवं विचारलं तर पुढच्या बाजूला उभं राहून एकदाच बदल करायचा.

ज्ञानाने ओझं हलकं होतं, याचं एक उदाहरण गोदामाच्या चित्रात मिळालं. दारावर चार रंगांचा चौकोन उभ्या टोकावर ठेवलेला, आत अंक. तिने पहिल्यांदा चार रंग, चार जागा आणि अंक असे सुटे पाठ केले आणि गोंधळली. साठवलेल्या रसायनांचे धोके दाखवायची ही खूण. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ७०४ क्रमांकाच्या मानकात प्रत्येक रंगाची जागा ठरलेली असते: डावीकडे निळा म्हणजे आरोग्याला धोका, वर लाल म्हणजे ज्वलनशीलता, उजवीकडे पिवळा म्हणजे अस्थिरता, खाली पांढरा म्हणजे विशेष खूण. पहिल्या तिघांत अंक शून्य ते चार. हे एकदा माहीत असलं की रंग आणि जागा लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. तीन अंक, डावीकडून वरून उजवीकडे, बस. पाठांतराच्या युक्त्यांपेक्षा अग्निशमनाचं वाचन वाढवा, असं मी सांगतो ते यामुळे.

प्रश्नपत्रिकेसमोर

तिसऱ्या जातीच्या चुकीला फार वेळ द्यावा लागला नाही. प्रश्न वाचताना पर्याय हाताने झाकायचे, मनात उत्तर आणायचं, आणि मगच हात काढायचा. प्रश्नातलं विशेषण वेगळं काढून बघायचं: "सर्वांत जवळचा", "पळणारा", "जळणारा" हे चित्रात होतं का, की प्रश्नाने आणलं?

उत्तर बदलावं की नाही, यावर तिला कोणीतरी सांगितलं होतं की पहिलं उत्तर कधीही बदलू नये. बदललेल्या उत्तरांचे अभ्यास तसं सांगत नाहीत. बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे जायचं प्रमाण उलट दिशेपेक्षा जास्त दिसतं. आम्ही नियम साधा ठेवला. चित्रातली एखादी नवी गोष्ट डोळ्यांसमोर आली तर बदल. पर्याय वाचायला चांगला वाटतोय म्हणून बदलू नको.

चित्र काढून घेतल्यापासून पहिल्या प्रश्नापर्यंत थोडा वेळ जातो, कागद वाटतात, सूचना वाचतात. तो वेळ ती आधी इकडेतिकडे बघण्यात घालवायची. आता सूचना नीट ऐकून झाल्या की डोळे मिटून क्रमाची एक फेरी: सांगाडा, माणसं, आग, वाटा, पाणी, कडा, अंक.

काय सुधारलं, काय राहिलं

पहिल्या जातीच्या चुका सगळ्यात लवकर उतरल्या. हायड्रंट आणि तारा तिच्याकडून आता सहसा सुटत नाहीत. तिसरी जात जवळजवळ गेली. दुसरी हळू गेली आणि पूर्ण गेली नाही. घाईत असली की माणूस अजूनही "असायला हवा" तिथे सरकतो, पण चौकटीचा पत्ता म्हणायची सवय लागल्यामुळे तिला स्वतःलाच शंका येते आणि ती थांबते. या विभागातले तिचे गुण बाकी विभागांच्या रांगेत आले. ताटातल्या वस्तूंचा खेळ तिने स्वतःहून बंद केला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चित्रात पाच-सहा माणसांचा घोळका असला आणि कोणाचा शर्ट कोणत्या रंगाचा असं विचारलं, तर रंग आठवतात पण माणसं अदलाबदल होतात. डावीकडून क्रमाने रंग म्हणून पाहिले. माणसं एका ओळीत असतील तर जमतं, मागेपुढे उभी असतील तर फिसकटतं. सध्या ती घोळक्यातून फक्त दोन माणसं धरते, जखमी दिसणारा आणि आगीकडे जाणारा, आणि बाकीच्यांचे रंग सोडून देते. त्या वेळात कडांची फेरी पूर्ण होते, आणि तिच्या वहीवरून बघितलं तर तिथेच तिचे जास्त गुण आहेत.